‘टक्’चा इतिहास: चावी फिरते, पण गाडी का लागत नाही?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मंडळी हसली, हे आमच्या कानावर आलं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसानं मोटारीच्या स्टार्टरवर बोलावं, यात हसण्यासारखं आहेच म्हणा. पण चिन्ह वेगळं आणि कारण वेगळं, हे आपण वर्गात वर्षानुवर्षं शिकवतो, आणि सकाळी चावी फिरवल्यावर इंजिनाऐवजी नुसतंच ‘टक्-टक्-टक्’ ऐकू आलं की नेमकं तेच विसरतो. आम्ही विसरलो होतो. ती हकीकत शेवटी सांगू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा आवाज नव्हताच. इंजिन पहिल्यांदा फिरवायला बाहेरून बळ लागतं, आणि ते बळ माणसाचं असे. समोर लोखंडी हँडल घालायचं आणि फिरवायचं. ठिणगी जरा लवकर पडली की इंजिन उलटा हिसका देई आणि हँडल मनगटावर किंवा जबड्यावर येई. अमेरिकेतले मोटारनिर्माते बायरन कार्टर १९०८ साली वारले, ते अशाच इजेमुळे, असं सांगतात. त्या कथेच्या तपशिलांबद्दल अभ्यासकांत वाद आहे. हँडलनं हातांची हाडं मोडत, याबद्दल मात्र नाही.

कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांना हँडलला पर्याय हवा होता. तो दिला डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांनी. विजेच्या मोटरनं इंजिन फिरवायची कल्पना त्याआधीही होती, पण हिशेब केला की मोटर गाडीत मावणार नाही एवढी मोठी निघे. केटरिंग आधी दुकानांतल्या गल्ल्याची यंत्रं, म्हणजे कॅश रजिस्टर, बनवणाऱ्या कंपनीत होते. तिथं त्यांनी रजिस्टरला विजेची मोटर बसवली होती. ती मोटर दिवसभर चालत नाही, क्षणभरच चालते. मग क्षणभरासाठी तिच्यावर तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकला तर? चार-पाच सेकंदांत ती जळत नाही. सगळं मर्म एवढंच! १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला आणि पुढं हळूहळू सगळीकडे पसरला. आपल्याकडे आजही लोक ‘सेल्फ मारला’ म्हणतात, ते त्यातूनच.

पण क्षणभराच्या या उधळपट्टीची किंमत असते, बरं का. छोट्या गाडीचे दोन्ही हेडलाइट मिळून दहाएक अँपियर घेतात. स्टार्टर घेतो शंभर-दोनशे. एवढा प्रवाह चावीतून नेता येत नाही. म्हणून मध्ये एक विद्युतचुंबकी स्विच बसवतात, त्याला सोलेनॉइड म्हणतात. चावी त्याला थोडीशी वीज देते, तो आतला दांडा खेचतो, आणि मग मोठा प्रवाह मोटरकडे जातो. आपण ऐकतो तो ‘टक्’ म्हणजे त्या दांड्याचा आवाज.

आता बघा, या आवाजातून काय कळतं? चावी, बारीक वायर आणि चुंबकाचं वेटोळं आपापलं काम करताहेत. बिघाड त्यापुढचा आहे, किंवा पुरवठ्यात आहे. एकदाच जोराचा ‘टक्’ झाला तर सोलेनॉइडचे आतले संपर्क जळालेले असणं, मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असणं किंवा मोटरच अडकलेली असणं संभवतं. आवाज भराभर होत असेल तर गोष्ट वेगळी. दांडा खेचला जातो, मोटर वीज मागते, व्होल्टेज कोसळतं, दांडा सुटतो, व्होल्टेज परत चढतं, दांडा पुन्हा खेचला जातो. अशा वेळी बहुधा बॅटरी उतरलेली असते. बहुधा, नेहमी नाही.

कारण ओमचा नियम. जोडणीत गंज चढून ०.०२ ओम एवढाच अडथळा आला, तरी दहा अँपियरला ०.२ व्होल्ट वाया जातात. दिव्याला ते कळतही नाही. दीडशे अँपियरला तीन व्होल्ट जातात, आणि बारा व्होल्टांच्या गाडीत तीन जाणं म्हणजे पाव भाग गेला. म्हणून ‘दिवे लागतात, म्हणजे वीज पोचतेय’ हे अनुमान फसवं आहे.

आता आमची हकीकत. गाडी टक्-टक् करत होती, हेडलाइट मात्र स्टार्ट मारतानाही मंद होत नव्हते. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप केबल लावली. लाल चिमटा बॅटरीला, काळा इंजिनाच्या धातूला, सुरक्षिततेसाठी सांगतात तसाच. गाडी लगेच लागली. आम्ही निष्कर्ष काढून मोकळे: बॅटरी गेली. नवी घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टक्-टक्.

नैयायिकांचा व्यतिरेक काय किंवा जॉन स्टुअर्ट मिलची १८४३ च्या ग्रंथातली भेदपद्धती काय, दोन्हींचा आधार एकच: दोन प्रसंगांत फरक एकाच गोष्टीचा असावा. आम्ही एका चिमट्यानं दोन गोष्टी बदलल्या होत्या. बॅटरी तर बदललीच, पण काळा चिमटा इंजिनाला लावल्यामुळं इंजिनाकडून बॅटरीकडे परतणारी जी अर्थिंगची पट्टी असते, तीही आपोआप वगळली गेली. दिवे मंद होत नव्हते, म्हणजे बॅटरी दमत नव्हती, हे डोळ्यांसमोर होतं. ते पाहून त्याचा अर्थ आम्ही लावला नाही.

शेवटी एक ऑटो-इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर टेकवली, दुसरी इंजिनाच्या धातूवर, आणि आम्हाला म्हणाले, “सर, मारा सेल्फ.” तिथं जेमतेम पाव-अर्धा व्होल्ट दिसायला हवा. काटा उडून सहाच्या पुढं गेला. त्यांनी खाली वाकून पट्टीचा बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरनं गंज घासला, पुन्हा आवळला. दहा मिनिटांचं काम.

आमची जुनी बॅटरी तोवर भंगाराच्या भावानं दुकानात जमा झाली होती.