कापलेले छत आणि मूळ पत्रा

१९३२ साली फोर्डने स्वस्त मोटारीत व्ही-८ इंजिन, म्हणजे चार-चारच्या दोन तिरप्या रांगांत आठ सिलिंडर असलेले इंजिन, बसवले आणि पुढे दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण अशा जुन्या गाड्यांचे मडगार्ड उतरवून त्या म्युरॉकच्या कोरड्या सरोवरात पळवू लागले. याच गाड्या हॉट रॉड म्हणून ओळखल्या गेल्या. अशी गाडी आहे तशीच विकावी की कारखान्यातून निघाली तशी पूर्ववत करून, या प्रश्नावर मूळ रूपाचे आग्रही संग्राहक दीर्घकाळ दुसऱ्याच बाजूला झुकत, कारण बदल म्हणजे बिघाड असे ते मानत. परंतु सगळे बदल एका जातीचे नव्हते. जपून ठेवलेले मडगार्ड चार बोल्ट आवळले की परत बसत. छताचे खांब काही इंच कापून पुन्हा वेल्डिंगने जोडले, ज्याला ‘चॉपिंग’ म्हणतात, की गेलेला पत्रा मात्र परत येत नसे. १९९७ साली पेबल बीचच्या प्रतिष्ठित मोटार प्रदर्शनात हॉट रॉडसाठी स्वतंत्र वर्ग उघडला, त्यात डोन स्पेन्सर यांनी घडवलेली १९३२ची फोर्ड रोडस्टर पहिली आली, आणि निष्णात हातांनी केलेला जुना बदल हाच मूळ ऐवज ठरू शकतो, हे उशिरा का होईना, योग्यच मान्य झाले.