रतलामचा निवाडा व नगरपालिकांचें दारिद्र्य

मुंबईहून बडोद्यावरून दिल्लीस जाणाऱ्या रेल्वेच्या मार्गावर माळव्यांतील रतलाम हें मोठें जंक्शन लागतें. आपल्याकडील प्रवाशांस तें मुख्यतः तेथील शेवेमुळें ठाऊक असतें. व्यापाऱ्यांत तेथील सोन्याचा लौकिक आहे. परंतु कायद्याच्या विद्यार्थ्यांस हें नांव निराळ्याच कारणानें परिचित आहे. या शहरांतील एका रस्त्यावरील उघड्या घाणीचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २९ जुलै १९८० रोजीं त्याचा जो निकाल लागला तो पर्यावरणविषयक न्यायाच्या आपल्या देशांतील आरंभींच्या निकालांत गणला जातो. त्या निकालाची स्तुति पुष्कळांनीं केली आहे व ती योग्यच आहे. आमचा हेतु थोडा वेगळा आहे. त्या खटल्यांत नगरपालिकेनें 'पैसा नाहीं' ही सबब पुढें केली होती. न्यायालयानें ती नाकारली; परंतु इतिहासानें ती अद्याप निकालांत काढलेली नाहीं, असें आम्हांस वाटतें. तें कां, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम शहराविषयीं थोडेंसें सांगणें अवश्य आहे. रतलामचें राज्य राठोड रतनसिंहानें शहाजहानच्या कारकीर्दींत स्थापिलें. तो इ. स. १६५८ मध्यें धर्मतच्या लढाईंत औरंगजेबाशीं लढतांना पडला. पुढें माळव्यांत मराठ्यांचा अंमल बसल्यावर हें संस्थान शिंद्यांस खंडणी देऊं लागलें, व १८१९ मध्यें सर जॉन माल्कमच्या मध्यस्थीनें त्या खंडणीची व्यवस्था कायम झाली. अफूच्या व्यापारानें व नंतर रेल्वेनें गांवाची भरभराट झाली. १९४८ मध्यें संस्थान मध्यभारतांत व १९५६ मध्यें मध्यप्रदेशांत आलें. अशा रीतीनें राजधानी, पेठ व रेल्वेचें ठाणें या तिन्ही नात्यांनीं शहर वाढत गेलें. माणसें मात्र ज्या वेगानें आलीं त्या वेगानें गटारें व शौचकूप वाढले नाहींत. हिंदुस्थानांतील बहुतेक लहान शहरांची हीच कथा आहे. म्हणूनच रतलामचा खटला केवळ रतलामचा राहिला नाहीं.

हकीकत अशी. १९७० नंतरच्या वर्षांत तेथील 'न्यू रोड' भागांतील बाराव्या वॉर्डाच्या रहिवाशांनीं सबडिव्हिजनल मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला. रस्त्याला नीट गटार नाहीं. आसपासच्या गरीब वस्तीस शौचकूप नसल्यामुळें लोक रस्त्याच्या कडेलाच बसतात. मैल्याचीं डबकीं सांचून डांस माजतात. आणि भरीस भर म्हणून मद्यार्काच्या कारखान्याचें दुर्गंधीयुक्त सांडपाणी रस्त्यावर येतें, अशी तक्रार होती. मॅजिस्ट्रेटनें चौकशी करून, योजना आंखून हा उपद्रव दूर करावा असा नगरपालिकेस हुकूम दिला. सेशन्स कोर्टानें तो फिरविला, हायकोर्टानें पुनः कायम केला, आणि नगरपालिका दिल्लीस सर्वोच्च न्यायालयांत गेली. घाण काढण्याविषयींच्या हुकुमाविरुद्ध नगरपालिकेनेंच पायऱ्या चढाव्या, ही गोष्ट तिच्या मनःस्थितीवर पुरेसा प्रकाश पाडते.

नगरपालिकेच्या बचावाचे मुद्दे मुख्यतः दोन होते. एक असा कीं, ज्यांनीं तेथें घरें केलीं त्यांनीं जागा कशी आहे हें उघड्या डोळ्यांनीं पाहूनच केलीं. आतां त्यांस तक्रार करण्याचा अधिकार नाहीं. दुसरा असा कीं, एवढें काम करण्याइतका पैसा तिजोरींत नाहीं. पहिल्या मुद्द्याला उत्तराचीहि गरज नव्हती. दुसरा मात्र गंभीर होता. कारण तो खोटा नव्हता.

न्यायमूर्ति कृष्ण अय्यर व न्यायमूर्ति चिन्नप्पा रेड्डी यांनीं या दुसऱ्या मुद्द्याचा जो निकाल केला त्याचें सार असें. मध्यप्रदेशच्या १९६१ च्या नगरपालिका कायद्यानें रस्ते व गटारें साफ ठेवणें, मैला व कचरा यांची विल्हेवाट लावणें हीं नगरपालिकेचीं कर्तव्यें ठरविलीं आहेत. कर्तव्य म्हणजे मर्जी नव्हे. सार्वजनिक उपद्रव दूर करविण्याचा अधिकार फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या १३३ व्या कलमानें मॅजिस्ट्रेटला दिला आहे. त्याच्यापुढें तिजोरी रिकामी असल्याची सबब चालणार नाहीं. चैनीचे व कमी महत्त्वाचे खर्च नगरपालिकेनें कमी करावे, सरकारकडे कर्ज वा अनुदान मागावें, परंतु काम करावें. ज्या कलमाचा येथें आधार घेतला तें ब्रिटिश अमदानींतील १८९८ च्या कायद्यांत होतें, तेथून १९७३ च्या कायद्यांत आलें, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेंत १५२ व्या क्रमांकानें नांदत आहे. पर्यावरण हा शब्द आपल्या कायद्यांत रुळण्यापूर्वींचें हें साधन आहे, आणि तें सामान्य नागरिकाच्या हातीं आजहि आहे.

या निकालांतील एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. अर्ज करणारे घरांचे मालक होते. रस्त्यावर बसणारे दरिद्री होते. 'घाण काढा' या मागणीचा अर्थ 'घाण करणाऱ्यांस हांकून द्या' असा लावणें सोपें होतें, व आपल्या शहरांत तो अनेकदां तसाच लावला जातो. न्यायालयानें तसें केलें नाहीं. ज्याला शौचकूप नाहीं तो रस्त्यावर बसतो हें शरमेचें खरें. पण ती शरम कोणाची, हा प्रश्न त्यानें विचारला. म्हणून हुकूम झाला तो माणसें हलविण्याचा नव्हे, तर सहा महिन्यांच्या आंत स्त्रिया व पुरुष यांच्यासाठीं वेगळे व पुरेसे सार्वजनिक शौचकूप बांधण्याचा, त्यांस पाणी पुरविण्याचा व सकाळ-संध्याकाळ ते साफ करविण्याचा. कारखान्याचें सांडपाणी थांबविण्याची जबाबदारी नगरपालिकेबरोबर सरकारवरहि टाकली गेली. स्वच्छतेचा प्रश्न हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे, हें तत्त्व एवढ्या थोड्या शब्दांत क्वचितच मांडलें गेलें असेल.

येथवर निकालाचा गौरव झाला. आतां जरा मागें वळून, नगरपालिकांची तिजोरी रिकामी कां असते, हें पाहिलें पाहिजे.

इंग्लंडांत १८४२ मध्यें चॅड्विकनें मजुरांच्या वस्त्यांच्या आरोग्यावर जो अहवाल लिहिला त्यांतून १८४८ चा सार्वजनिक आरोग्याचा कायदा निघाला. रोगराई ही गटारें व पाणी यांच्याशीं निगडित आहे, आणि तिचा बंदोबस्त करण्यास स्थानिक मंडळ पाहिजे, ही कल्पना त्यानंतर आपल्याकडेहि आली. १८५० च्या २६ व्या कायद्यानें ज्या शहरांतील लोकांची इच्छा असेल तेथें नगरपालिका स्थापण्याची सोय झाली. पण खरी गति आली ती निराळ्या कारणानें. १८७० मध्यें लॉर्ड मेयोनें खर्चाची कांहीं खातीं प्रांतांकडे सोंपविलीं. वरच्या तिजोरीवरील भार खालीं सरकला, व शिक्षण, आरोग्य, रस्ते यांसाठीं स्थानिक करांचा मार्ग मोकळा झाला. १८ मे १८८२ च्या लॉर्ड रिपनच्या सुप्रसिद्ध ठरावानें या व्यवस्थेला उदात्त तत्त्वाची जोड दिली. स्थानिक स्वराज्य मुख्यतः कारभार सुधारण्यासाठीं नसून लोकांच्या राजकीय शिक्षणासाठीं आहे, असें रिपननें सांगितलें. म्हणजे आपल्या नगरपालिकांच्या जन्मकाळीं दोन हेतु एकत्र आले: एक वरच्या सरकारचा खर्च वांचविण्याचा, व दुसरा लोकांस शहाणें करण्याचा. दुसऱ्या हेतूचीं भाषणें झालीं. पहिला मुकाट्यानें काम करीत राहिला.

रतलामसारख्या संस्थानी गांवांत रिपनचा ठराव थेट लागू नव्हता. तरीहि पुढें स्वतंत्र हिंदुस्थानांत जो नगरपालिकेचा सांचा सर्वत्र रूढ झाला तो हाच. आणि या सांच्यांत उत्पन्नाचें एक साधन विशेष लाडकें होतें, तें म्हणजे जकात. घरपट्टी प्रत्येकाच्या दारांत येऊन उभी राहते. ती वाढविणारा सभासद पुढच्या निवडणुकींत पडतो. जकात नाक्यावर घेतली जाते व मालाच्या किंमतींत मिसळून जाते. ती आपण देतों हें कोणास जाणवतहि नाहीं. म्हणून मुंबई इलाख्यांतील नगरपालिका तिच्यावरच विसंबल्या. जकातीचे दोष उघड होते. नाक्यावर गाड्या खोळंबत, लांचलुचपत चाले, व्यापाराला अडथळा होई. तेव्हां ती जावी हें बरोबरच होतें. मध्यप्रदेशांत ती १९७६ मध्यें गेली, म्हणजे रतलामचा वाद कोर्टांत चालू असण्याच्या काळांतच. महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात १९९९ मध्यें बंद झाली, आणि मुंबईसारख्या महानगरपालिकेची १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आल्यावर. तिच्या जागीं सरकारी भरपाई आली. परिणाम असा झाला कीं, जी नगरपालिका नाक्यावर हात पसरीत होती ती आतां सचिवालयाच्या दारांत हात पसरूं लागली. न्यायालय एकीकडे सांगतें कीं सबब चालणार नाहीं. सरकार दुसरीकडे सबबीचें कारण निर्माण करतें. या विसंगतीचें उत्तर कोणत्याहि निकालपत्रांत सांपडणार नाहीं, कारण न्यायालयाला हुकूम करतां येतो, कर बसवितां येत नाहीं. शिवाय बाराव्या वॉर्डांत कोर्टाच्या हुकुमानें खर्च झाला, तर जो वॉर्ड कोर्टांत गेला नाहीं त्याच्या वांट्याला काय उरेल, हाहि प्रश्न आहेच.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें हें कोडें सुटेल अशी अनेकांची अपेक्षा होती. ती १ जून १९९३ पासून अमलांत आली. नगरपालिकांस घटनेंत स्थान मिळालें, निवडणुका नियमित घेण्याचें बंधन आलें, स्त्रियांस राखीव जागा मिळाल्या, आणि बाराव्या परिशिष्टांत अठरा विषय नमूद झाले. त्यांत सहावा विषय सार्वजनिक आरोग्य व घनकचरा यांचा, व आठवा नागरी वनें आणि पर्यावरणाचें रक्षण यांचा आहे. वाचतांना समाधान वाटतें. परंतु बारकाईनें पाहिलें असतां कळतें कीं, हे अधिकार राज्याच्या विधिमंडळास नगरपालिकांकडे 'देतां येतील' असें तेथें म्हटलें आहे, 'द्यावेच लागतील' असें नाहीं. पैशाच्या वांटणीसाठीं दर पांच वर्षांनीं राज्य वित्त आयोग नेमावयाचा आहे. पण त्याच्या शिफारशी मानण्याचें बंधन राज्यावर नाहीं. विषयांची यादी लांब झाली, थैली तेवढीच राहिली. त्यानंतर घनकचऱ्याविषयीं २००० मध्यें व पुनः २०१६ मध्यें नियम झाले, तेहि मुख्यतः कर्तव्यांचेच. म्हणजे १८७० मध्यें सुरू झालेली रीति, काम खालीं ढकलावें व पैसा वर ठेवावा, ही राज्यें बदललीं तरी बदलली नाहीं.

एवढें म्हणून सर्व दोष सरकारच्या माथीं मारणें सोयीचें होईल, पण तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. या मासिकाचे वाचक बहुतेक सुशिक्षित, घरदार असलेले व घरपट्टी भरणारे आहेत. नदीच्या प्रदूषणावर वा टेकडीवरील झाडांच्या तोडीवर सभेंत ठराव मांडणारा आपलाच वर्ग आहे. परंतु नगरपालिकेनें घरपट्टीची फेरआकारणी काढली कीं तिच्याविरुद्ध पहिला अर्जहि याच वर्गांतून येतो. कारखान्याला रोजगारासाठीं सवलत मिळावी म्हणून शिफारस करणारे, आणि त्याच्या सांडपाण्याविरुद्ध तक्रार करणारे, हे पुष्कळदां एकाच आळींत राहतात. रतलामच्या रहिवाशांचें श्रेय हें कीं ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिले. परंतु खटला जिंकणें हें नागरिकत्वाचें अर्धेंच काम होय. उरलेलें अर्धें काम अंदाजपत्रकाच्या सभेंत करावयाचें असतें, आणि तेथें बहुधा आपल्या खुर्च्या रिकाम्या असतात.

काय करावें याविषयीं आम्हांस तीन गोष्टी सुचतात. पहिली, राज्याच्या उत्पन्नांतील ठराविक हिस्सा नगरपालिकांस कायद्यानेंच मिळावा. तो दयेचा विषय राहूं नये. दुसरी, घरपट्टी न्याय्य असावी, मोठ्या वास्तूस जास्त व झोंपडीस नाममात्र. पण एकदां न्याय्य ठरल्यावर ती आपण कुरकुर न करतां भरावी. तिसरी, प्रत्येक वॉर्डांत गटारें, शौचकूप व कचरा यांवर वर्षांत किती खर्च झाला याचा तक्ता नगरपालिकेनें चौकांत लावावा, म्हणजे बारावा वॉर्ड व तेरावा वॉर्ड यांतील अंतर लोकांस दिसेल. यांतील एकहि गोष्ट नवी नाहीं, व एकीसहि परदेशी तज्ज्ञ लागत नाहीं.

रिपननें ज्या राजकीय शिक्षणाची आशा केली तें पुस्तकांतून मिळणार नव्हतेंच. रतलामच्या लोकांस तें एका तुंबलेल्या गटारानें दिलें. त्यांस कळलें कीं कायदा आपल्या बाजूचा आहे. तें गटार पुढेंहि वाहतें ठेवावयाचें तर त्याचें मोल कोणी व किती द्यावयाचें, हा धडा मात्र आपल्या सर्व लहान शहरांनीं अजून शिकावयाचा आहे.