पालटत्या आसनाचें नावीन्य व दप्तरांची साक्ष

१. विषयाचें स्वरूप

गाडींतील बसावयाचें आसन निजावयाचें व्हावें, किंवा माणसें उतरल्यावर तेंच आसन मिटून त्या जागीं माल भरतां यावा, अशा रचनेस आम्ही या लेखांत 'पालटतें आसन' म्हणूं. अशा रचनेसाठीं एखादा कारागीर पेटंटाचा, म्हणजे एकस्वाचा, अर्ज करतो, तेव्हां तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढें पहिला प्रश्न येतो तो हा कीं, ही रचना पूर्वीं कोठें झाली होती काय, आणि झाली असल्यास त्यास पुरावा कोणता? हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे. दप्तरांतील कागद कोणत्या सालचा, तो कोणी पाहिला होता, त्यांत नेमकें काय सांगितलें आहे, हें जसें इतिहाससंशोधकास ठरवावें लागतें, तसेंच तें या अधिकाऱ्यासही ठरवावें लागतें. म्हणून ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत, त्यांनीं या विषयाकडे परका विषय म्हणून पाहूं नये.

हा विचार अहमदनगर जिल्ह्याच्या निमित्तानें करण्यास कारण आहे. २०२४ सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें; आम्ही जुन्या कागदांच्या सोयीसाठीं येथें 'नगर' एवढेंच म्हणतों. फाळणीपूर्वीं चकलाला येथें असलेली लष्करी वाहनांची संस्था फाळणीनंतर नगर येथें आली; तीच आज 'वाहन संशोधन व विकास संस्था' या नांवानें संरक्षण खात्याच्या संशोधन संघटनेंत मोडते. नगरच्या फिरोदिया घराण्यानें तीनचाकी व दुचाकी वाहनांच्या धंद्यांत मोठी कामगिरी केली. १९७२ सालीं निघालेली लुना ही हलकी दुचाकी नगरच्याच कारखान्यांतली. ज्या जिल्ह्यांत वाहनें घडतात व वाहनांची परीक्षा होते, तेथें वाहनाच्या नव्या रचनेचा हक्क कोणाचा हा प्रश्न उठणें स्वाभाविक आहे.

येथेंच एक भेद स्पष्ट करूं. आसन मोडत नाहीं, गाडीच्या सांगाड्यापासून सुटत नाहीं, धक्का बसला असतां माणसास इजा करीत नाहीं, ही परीक्षा निराळी. ती मोटार वाहन नियमांखालीं नेमलेल्या संस्थांकडे आहे, आणि नगरची संस्था त्यांतील एक आहे. एकस्वाची तपासणी मात्र आसन मजबूत आहे किंवा नाहीं हें विचारीत नाहीं; तें नवें आहे किंवा नाहीं हें विचारते. नगरचा अर्जदार यासाठीं मुंबईच्या एकस्व कार्यालयाकडे जातो.

२. कायद्याची परंपरा

हिंदुस्थानांत शोधांच्या हक्काचा पहिला कायदा १८५६ च्या फेब्रुवारींत झाला. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याचे इंजिनिअर जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनीं ३ मार्च १८५६ रोजीं पंखा ओढण्याच्या यंत्रासाठीं केला. इंग्लंडच्या राणीची पूर्वसंमति घेतली नव्हती या कारणानें तो कायदा १८५७ सालीं रद्द करावा लागला, व १८५९ च्या १५ व्या कायद्यानें तो सुधारून पुन्हां आणण्यांत आला. त्यांत शोधकास १४ वर्षांचा अनन्य हक्क मिळे. पुढें १८७२ सालीं आकृतींस संरक्षण मिळालें, १८८८ सालीं शोध व आकृति यांचा एकत्र कायदा झाला, १९११ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली, आणि आजचा एकस्व कायदा १९७० चा असून तो २० एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला. आज एकस्वाची मुदत २० वर्षांची आहे.

१८५९ च्या कायद्यांतील एक गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. शोध पूर्वीं लोकांस माहीत झाला होता किंवा नाहीं हें पाहतांना त्या कायद्यानें केवळ छापील नव्हे, तर लेखी प्रसिद्धीही जमेस धरली होती. मुद्रणाचा प्रसार नुकताच होऊं लागलेल्या देशांत ही तरतूद शहाणपणाची होती. मात्र 'लेखी' व 'प्रसिद्धी' हे दोन शब्द तेथें एकत्र आहेत. कागद लिहिला गेला एवढ्यानें काम भागत नाहीं. तो लोकांस पाहावयास मोकळा असला पाहिजे. आजच्या कायद्यांतही शोध नवा ठरण्यासाठीं अर्जाच्या तारखेपूर्वीं तो जगांत कोठेंही दस्तऐवजांतून प्रसिद्ध झालेला किंवा वापरांत आलेला नसावा, अशी अट आहे.

३. पालटत्या आसनाचे पूर्वज

आतां पालटत्या आसनाच्या नावीन्याविरुद्ध कोणकोणते साक्षीदार उभे करतां येतील तें पाहूं.

पहिला साक्षीदार 'मानसोल्लास'. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ११३० च्या सुमारास रचलेल्या या संस्कृत ग्रंथांत राजाचे वीस उपभोग सांगितले आहेत. त्यांत आसन, यान आणि शय्या हे तीन उपभोग निरनिराळे दिले आहेत. हा ग्रंथ शतकानुशतकें पोथ्यांत राहिला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला त्याचा पहिला भाग १९२५ सालीं व दुसरा १९३९ सालीं छापला गेला. संपादकांचें आडनांव याच जिल्ह्यांतील श्रीगोंदें गांवाची आठवण देतें.

दुसरा साक्षीदार फ्रेंच वैद्य व प्रवासी फ्रान्स्वा बर्निए. औरंगजेब १६६४ च्या डिसेंबरांत दिल्लीहून लाहोर व काश्मीरकडे निघाला, तेव्हांच्या स्वारीचें वर्णन त्यानें केलें आहे. बादशहाच्या तख्त-इ-रवांस, म्हणजे चालत्या तख्तास, रंगविलेले व सोनेरी खांब होते, कांचेच्या खिडक्या होत्या, आणि हवा वाईट असली म्हणजे त्या खिडक्या बंद करीत. चार दांड्यांच्या टोकांशीं दोन दोन माणसें तें वाहून नेत. बर्निएचें पुस्तक १६७०-७१ मध्यें पॅरिस येथें छापलें. याच बादशहाची अखेरची वाटचाल नगरांत संपली. १७०६ सालीं तो येथें आला आणि ३ मार्च १७०७ रोजीं भिंगारच्या छावणींत मरण पावला.

तिसरा साक्षीदार अमेरिकेचा. थिओडोर वुड्रफ यास २ डिसेंबर १८५६ रोजीं आगगाडीच्या डब्यांतील आसन व शय्या या रचनेसाठीं तेथील सरकारनें एकस्वें दिलीं. पुढें पुलमन व फील्ड यांस १८६४ सालीं छताकडे मिटून जाणाऱ्या वरच्या शय्येसाठीं आणि १८६५ सालीं आसन पुढें ओढून व पाठ खालीं पाडून होणाऱ्या खालच्या शय्येसाठीं एकस्वें मिळालीं. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं नगरावरून सुरू झाला, त्याच्या पूर्वींच दिवसा आसन व रात्रीं शय्या ही कल्पना रेखाचित्रांसह छापून झाली होती.

चौथा साक्षीदार आमच्याच रस्त्यांवरचा: बैलगाडी. माणसें न्यावयाचीं असलीं म्हणजे वर तट्ट्याचें छप्पर बांधावें, खालीं कडबा व घोंगडी पसरावी; धान्य न्यावयाचें असलें म्हणजे छप्पर उतरवून पोतीं रचावीं. याचें एकस्व कोणीं मागितलें नाहीं, व मागण्याचें कोणाच्या मनांतही आलें नाहीं.

४. साक्षीची परीक्षा

प्रत्येक साक्षीस तीन प्रश्न विचारले पाहिजेत. तिची तारीख निश्चित आहे काय? ती लोकांस खुली होती काय? आणि तिच्यावरून जाणत्या कारागिरास ती वस्तु करतां येईल काय?

'मानसोल्लासा'ची तारीख पुरेशी जुनी आहे, व छापल्यापासून तो सर्वांस खुला आहे. परंतु तेथें आसन, यान व शय्या हे उपभोग वेगळे सांगितले असल्यामुळें केवळ त्या यादीवरून एकाचें दुसरें होत असे असें सिद्ध होत नाहीं. 'आमच्या पूर्वजांस हें सर्व ठाऊक होतें' असें म्हणणाऱ्यांनीं येथें थांबावें. ग्रंथांत जें नाहीं तें अभिमानानें त्यांत घालणें हें इतिहासांत चालत नाहीं, व एकस्वाच्या तपासणींतही चालत नाहीं.

बर्निएची साक्ष तारखेनें पक्की व प्रसिद्धीनेंही पक्की. पण ती कशाची आहे? हवेप्रमाणें उघडमिट होणाऱ्या वाहनाची. पालटत्या आसनाची नव्हे. जो अर्जदार केवळ मिटणाऱ्या आच्छादनावर हक्क सांगेल त्यास ती आड येईल; जो आसनाच्या बिजागरीवर हक्क सांगेल त्यास ती आड येणार नाहीं. वुड्रफ व पुलमन यांची साक्ष मात्र तिन्ही कसोट्यांस उतरते. तारीख, प्रसिद्धी आणि रेखाचित्र तिन्ही असल्यामुळें आसनाची शय्या करण्याची मूळ कल्पना आज कोणासही आपली म्हणतां येणार नाहीं. नव्या अर्जदारास हक्क मागावयाचा तर तो कुलूप, कमान, सरकपट्टी अशा एखाद्या विशिष्ट युक्तीपुरताच मागावा लागेल.

बैलगाडीची साक्ष वापराची आहे, आणि वापर हाही पुरावाच आहे. इंग्लंडमध्यें १९८५ सालीं निकाल लागलेल्या शीड लावलेल्या फळीच्या खटल्यांत, १९५८ सालीं हेलिंग बेटावर एका बारा वर्षांच्या मुलानें स्वतः केलेली तशी फळी लोकांदेखत पाण्यावर चालविली होती, एवढ्या गोष्टीचाही एकस्वाविरुद्ध विचार झाला, व तें एकस्व टिकलें नाहीं.

याशिवाय चौथी कसोटी आहे ती कल्पकतेची. आमच्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत असें आहे कीं, आपापल्या ठरलेल्या रीतीनें स्वतंत्रपणें चालणाऱ्या ज्ञात साधनांची केवळ नवी मांडणी हा शोध नव्हे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं हेंच तत्त्व ठसविलें: जुन्या वस्तूंत केलेली सुधारणा कारखान्यांतील नेहमींच्या कसबापेक्षां अधिक असली पाहिजे. माहीत असलेली बिजागरी माहीत असलेल्या बाकाला लावणें हें चांगल्या सुताराचें काम आहे. तें शोधकाचें काम होण्यास त्या दोहोंच्या संयोगांतून कांहीं नवा परिणाम निघाला पाहिजे. आसनाचें केवळ रूप नवें असेल तर २००० च्या आकृति कायद्याखालीं त्याची नोंद होऊं शकते, परंतु तो कायदा यांत्रिक युक्तीस संरक्षण देत नाहीं.

५. संग्राहकांचें कर्तव्य

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. हळदीनें जखम भरते या गोष्टीवर अमेरिकेंत १९९५ सालीं एकस्व दिलें गेलें. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं आमच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास आव्हान दिलें, व १९९७ सालीं तें रद्द झालें. घरोघरच्या आजीबाईंस जें ठाऊक होतें त्यासाठीं तेथें छापील व जुन्या ग्रंथांचे आधार सादर करावे लागले. यावरूनच पुढें पारंपरिक ज्ञानाचें अंकीय ग्रंथालय २००१ सालीं उभारण्यास चालना मिळाली.

हीच गोष्ट कारागिरीस लागू आहे. मेणा, पालखी, अंबारी, रथ यांचा उल्लेख दप्तरांत पुष्कळ येतो, पण तो बहुधा मानाचा किंवा खर्चाचा असतो. सुतार-लोहारांचे हिशेब, लांकडाची व लोखंडाची मापें, दुरुस्तीच्या यादी, समासांत काढलेल्या आकृति हीं राजकारणाच्या पत्रांपुढें क्षुल्लक समजलीं जातात. रुमाल सोडतांना तींच प्रथम बाजूस पडतात. वस्तुतः नावीन्याच्या प्रश्नांत खरी साक्ष त्यांचीच. खासगी रुमालांत बांधून ठेवलेला कागद तीनशें वर्षांचा असला, तरी तपासणी अधिकाऱ्याच्या दृष्टीनें तो नसल्यासारखाच आहे. तोच कागद मूळ मोडी मजकूर, वाचन, मिति, मापें व छायाचित्र यांसह त्रैमासिकांत छापला, कीं त्या दिवसापासून तो जगापुढें साक्ष देऊं लागतो. त्यानंतर कोणीही येऊन तीच युक्ति आपली म्हणूं शकत नाहीं. मोडी लिपी वाचणारे हात कमी होत असतां हें काम लांबणीवर टाकणें हितावह नाहीं.

एक सावधगिरीची सूचना. ज्यांनीं स्वतः नवी रचना शोधली असेल त्यांनीं ती आधीं छापूं नये; कारण स्वतःची प्रसिद्धीही स्वतःस बाधते. आमच्या कायद्याच्या ३१ व्या कलमांत विद्वत्सभेपुढें खऱ्या शोधकानें वाचलेल्या किंवा त्याच्या संमतीनें सभेच्या वृत्तांत छापलेल्या निबंधास १२ महिन्यांची सवलत आहे. पण ती आमच्या देशापुरती आहे, आणि परदेशांतील हक्कासाठीं तिच्यावर विसंबतां येत नाहीं.

नगर, पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, जामखेड, शेवगांव, पाथर्डी, नेवासें, राहुरी, संगमनेर, कोपरगांव, अकोलें या भागांतील ज्या गृहस्थांच्या संग्रहीं गाडी, रथ, मेणा, तांगा किंवा पालखी यांच्या घडणीचे हिशेब व आकृति असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मितीसह प्रसिद्धीस द्याव्या. कागद फाटका असला, मजकूर अपुरा असला, तरी तो आहे तसाच द्यावा. तुटलेल्या जागीं आपल्या तर्काची भर घालूं नये. तर्क करणें वाचकांचें व तपासणाऱ्यांचें काम आहे. कागद उजेडांत आणणें तेवढें आपलें आहे.