राणीचं खुराडं आणि ब्रह्माचा दरवाजा

मार्च २०१७ मध्ये कोसोवोमधला एक व्हिडिओ जगभर फिरला होता, आठवतोय का? छोट्याशा खुराड्याच्या दारातून एक कोंबडा बाहेर येतो, आणि येतच राहतो. पायांना घोट्यापर्यंत पिसांची विजार, उंची एखाद्या शाळकरी पोराच्या कमरेला लागेल एवढी. बऱ्याच जणांना वाटलं की आत माणूसच आहे. तो होता ब्रह्मा जातीचा कोंबडा. सगळ्या जगानं कोंबडा पाहिला, मी मात्र दार पाहत बसलो. एवढा पक्षी आत ठेवायचा हे माहीत असताना दार एवढंसं कोणी करतं?

मग काय, पुढचे दोन वीकांत त्यातच गेले.

आधी नावाचं बघू. ब्रह्मा म्हणजे आपले ब्रह्मदेव नव्हेत, ते ब्रह्मपुत्रेचं लघुरूप. आणि गंमत म्हणजे ही जात ब्रह्मपुत्रेच्या काठची नाहीच! ती घडली अमेरिकेत, शांघायहून आलेल्या मोठ्या कोंबड्यांपासून आणि बहुधा चितगावकडच्या करड्या पक्ष्यांच्या संकरातून. तिची थोरली बहीण 'कोचीन'. तिचाही केरळातल्या कोचीशी काही संबंध नाही, तीही चीनचीच. थोडक्यात, नावं आपल्याकडची आणि माल शांघायचा.

हा माल इंग्लंडात पोचण्याआधी तिथल्या कोंबड्यांना खास घर असं क्वचितच असे. त्या धान्याच्या कोठारात आढ्यावर चढायच्या, नाहीतर झाडावर झोपायच्या. आपल्या कोकणात अजूनही एखादी चुकार कोंबडी डालग्याखाली यायच्या ऐवजी आंब्यावर जाऊन बसते, तसंच. अंगानं हलकी आणि पंखांत जोर असेल, तर उंची हेच तिचं घर.

१८४२ साली कॅप्टन एडवर्ड बेल्चर पूर्वेच्या सफरीवरून परतला आणि त्यानं व्हिक्टोरिया राणीला तिकडच्या कोंबड्या नजर केल्या. राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी विंडसरच्या बागेत कोंबड्यांसाठी एक खास इमारतच उभी केली. गॉथिक वळणाची, मध्ये पाहणीसाठी मंडप, त्यावर कबुतरखाना, आणि आत ऊब राखायची सोय. पूर्वेकडचा पक्षी म्हणजे त्याला थंडी बाधणार, असा सरळ हिशोब. वर्तमानपत्रांत चित्रं छापून आली आणि हौशी लोकांची रांग लागली.

पुढे १८४७ च्या सुमारास शांघायहून खरोखरचे गुबगुबीत पक्षी आले आणि लोक अक्षरशः वेडे झाले. चांगल्या कोचीनला शंभर गिनींच्या घरातले भाव मिळाले. बोस्टनकडचा जॉर्ज बर्नहॅम नावाचा व्यापारी तर एवढा बेरकी, की १८५२ साली त्यानं राणीला नऊ करड्या कोंबड्या भेट पाठवल्या आणि त्या भेटीच्या जाहिरातीवर धंदा केला. वर १८५५ साली या सगळ्या 'कोंबडीतापा'ची टर उडवणारं पुस्तकही त्यानंच लिहिलं. आपल्याकडे इमू पाळायची लाट आली होती ना, तिची ही पणजी. तापही तसाच उतरला.

पक्षी मात्र राहिले. आणि मग कळायला लागलं, की यांचं घर राणीच्या नजरेला शोभून चालत नाही, पक्ष्याच्या पायांना सोसावं लागतं.

इथे थोडं फिजिक्स, कंटाळू नका. पक्षी सगळ्या बाजूंनी वाढला की वजन घनाच्या हिशोबानं वाढतं, पंखांचं क्षेत्रफळ वर्गाच्या. गावठी कोंबडी दीड किलोची, ब्रह्मा कोंबडा पाच किलोच्या वर. गावठी कोंबडी आढ्यावरून पंख फडफडवत अलगद उतरते. ब्रह्मा उतरत नाही, आदळतो! रोज सकाळी आदळून तळपायाला जखम होते, तीत गाठ आणि पू धरतो, पक्षी लंगडतो. म्हणून बसायचा दांडा जमिनीपासून फूट-दीड फुटावरच हवा, आणि सपाट, तीन-चार इंच रुंद. बारीक गोल काठीवर हे वजन पेलत नाही. लुईस राइटच्या १८६७ सालच्या कोंबडीपालनाच्या पुस्तकातही जड जातींना दांडा खालीच ठेवा असं बजावलेलं आहे.

दुसरं म्हणजे जमीन. पायांवरची पिसं चिखल धरून ठेवतात, बोटं सडतात. मोकळं अंगण ऐसपैस असूनही ओलं असेल, तर त्यापेक्षा लहान पण कोरडं बरं. साधारण कोंबडीला आत चार चौरस फूट आणि बाहेर दहा, असा हौशी लोकांत ठोकताळा आहे. ब्रह्माला त्याच्या दीडपट तरी धरा. कुंपण मात्र गमतीचं प्रकरण आहे. या जातीला अडवायला तीन फूटही पुरतात, उडणार कुठे! तरी ते सहा फुटांचं, वरून जाळी घातलेलं करायचं, कारण ते कोंबडीसाठी नसतंच. ते मुंगूस, मांजर आणि कुत्र्यासाठी असतं.

माझ्या मामेभावानं मुळशीजवळ चार ब्रह्मा पिल्लं घेतलीत. "दादा, तू इंजिनियर ना, डिझाईन काढून दे," म्हणून त्यानं अमेरिकन साइटवरचा एक आराखडा पाठवला. सुबक, लाकडी, चारही बाजूंनी बंद. तिकडच्या बर्फात तो योग्यच आहे. दाट पिसं, तुरा लहान, त्यामुळे थंडीत हा पक्षी मजेत असतो. आपला एप्रिल मात्र त्याच्या जिवावर उठतो. म्हणून मी त्या आराखड्याच्या दोन भिंती काढून तिथे जाळी टाकली, छत उंच करून वरच्या बाजूला हवेला वाट ठेवली आणि सगळं खुराडं चिंचेच्या सावलीत सरकवलं. मुळशीचा पाऊस लक्षात घेऊन जमीन जोत्यासारखी फूटभर उचलली, वर भाताचं तूस. चढायला पायऱ्या नाहीत, लांब आणि कमी चढाचा उतार आहे.

आणि दार दीड फूट रुंद, दोन फूट उंच. मामेभाऊ म्हणतोय की पिल्लं अजून मुठीएवढी आहेत, एवढं दार कशाला.