आप्तवाक्य आणि पुरावा : हृद्रोगविषयक वार्तापत्रांचा वाङ्मयप्रकार

वाङ्मयप्रकारांचा इतिहास लिहिताना आपली दृष्टी सामान्यतः ललित लेखनापलीकडे जात नाही. शास्त्रीय लेखनात भाषा ही केवळ वाहक असते, तिला स्वतःचे रूप वा हेतू नसतो, असे आपण जणू गृहीतच धरलेले असते. हे गृहीत तपासून पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात एक अगदी रूक्ष मानला जाणारा लेखनप्रकार घेतला आहे. हृद्रोगावरील ताज्या संशोधनाचे सार पानभर मजकुरात तज्ज्ञ डॉक्टरांपुढे ठेवणारी वार्तापत्रे, हा तो प्रकार होय. त्याची जडणघडण पाहू जाता असे दिसते की, ‘कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा?’ ह्या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणूनच हा प्रकार घडत गेला.

हा प्रश्न वैद्यकाला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात परीक्षेची चार साधने मानली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. त्यांत आप्त कोणास म्हणावे, ह्याचीही चर्चा आहे. रज आणि तम ह्या दोषांपासून जो मुक्त, त्याचे वचन प्रमाण. म्हणजे वचनाचे प्रामाण्य वक्त्याच्या निर्दोषतेवर उभे आहे. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य वैद्यकाची पाठ्यपुस्तके आणि समीक्षालेख ह्यांची रचनाही फार वेगळी नव्हती. तेथील निवेदक हा अनुभवी, सर्वज्ञ आणि निःशंक असे. कोणता अभ्यास का स्वीकारला आणि कोणता का वगळला, हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते.

ह्या निवेदनपद्धतीची किंमत किती होती, हे १९९२ मध्ये स्पष्ट झाले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून द्यावे की नाही, ह्यासंबंधी १९५९ ते १९८८ ह्या काळात ३३ चाचण्या झाल्या होत्या व त्यांत एकूण ३६,९७४ रुग्ण होते. त्या कालक्रमाने एकत्र मांडल्या असता असे आढळले की, १९७३ पर्यंतच्या अवघ्या ८ चाचण्यांतूनच, म्हणजे २,४३२ रुग्णांच्या आधारे, हे औषध मृत्यू टाळते हे सिद्ध होत होते. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात पाठ्यपुस्तके आणि समीक्षालेख ह्या चाचण्यांशी ताडून पाहण्यात आले. तज्ज्ञांच्या शिफारशी पुराव्याच्या मागे दशकाहून अधिक काळ रेंगाळलेल्या दिसल्या. पुरावा छापलेला होता, परंतु त्याला वाचकापर्यंत नेणारा लेखनप्रकार नव्हता.

उलट बाजूचे उदाहरण अधिक दारुण आहे. झटक्यातून वाचलेल्या ज्या रुग्णांच्या हृदयाचे ठोके मधूनमधून चुकतात, त्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो, हे ठाऊक होते. तेव्हा चुकणारे ठोके औषधाने दाबले तर मृत्यू टळतील, असे मानले गेले. कथानक म्हणून ह्यात कोठेही सांधा निखळलेला नाही. कारण आहे, कार्य आहे आणि मध्ये औषधरूपी नायकही आहे. ‘कास्ट’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन चाचणीने ही कथा तपासली. १९८९ मध्ये एन्केनाइड व फ्लेकेनाइड ह्या दोन औषधांपुरती ती मुदतीआधीच थांबवावी लागली. १९९१ मधील अहवालानुसार औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६ मृत्यू पावले. ठोके सुधारले होते; माणसे मात्र अधिक मरण पावली होती. सुसंगती हा कथेचा गुण असला तरी तो सत्याचा निकष होत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकाला ठाऊक असते. येथे त्याची प्रचीती माणसांच्या जिवावर आली.

नव्या लेखनप्रकाराची घडण ह्याच सुमारास होत होती. त्याला एक पूर्वपरंपराही होती. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘द मेडिकल लेटर’ने जाहिराती न घेता औषधांचे परखड मूल्यमापन करण्याचा पायंडा पाडला. १९८७ मध्ये संशोधनलेखांचे सार ठराविक शीर्षकांखाली द्यावे, असा प्रस्ताव ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये मांडला गेला : उद्दिष्ट, रचना, रुग्ण, उपाय, निष्पत्ती, निष्कर्ष. १९९१ मध्ये ब्रायन हेन्स ह्यांच्या संपादनाखाली ‘एसीपी जर्नल क्लब’ निघाले आणि त्याच वर्षी गॉर्डन गायट ह्यांनी ‘पुराव्यावर आधारित वैद्यक’ हा शब्दप्रयोग त्यातच प्रथम छापला. लेख निवडण्याचे निकष येथे आधी जाहीर केलेले होते. पानाच्या वरच्या भागात अनामिक वाटावे असे सार आणि त्याखाली तज्ज्ञाचे स्वाक्षरीसह भाष्य, अशी विभागणी होती. सूत्र कोठे संपते आणि भाष्य कोठे सुरू होते, हे वाचकाला स्पष्ट दिसावे, हा आपल्या टीकापरंपरेला परिचित असलेला संकेत येथे नव्याने अवतरला.

मात्र सार लिहिणारा भाषेच्या पेचातून सुटत नाही. १९८८ मधील ‘आयसिस-२’ ह्या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. पाच आठवड्यांतील रक्तवाहिन्यासंबंधी मृत्यूंचे प्रमाण ॲस्पिरिनमुळे ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले. हे ‘मृत्यू एक पंचमांशाने घटले’ असे लिहिता येते, ‘शंभरांमागे दोन-अडीच मृत्यू टळले’ असे लिहिता येते आणि ‘सुमारे ४२ जणांना औषध दिल्यास एक मृत्यू टळतो’ असेही लिहिता येते. तिन्ही वाक्ये सत्य आहेत; परंतु त्यांचा वाचकावर होणारा परिणाम एक नाही. ‘घटले’ आणि ‘घटते’ ह्यांतही असेच अंतर आहे. भूतकाळ एका चाचणीची हकीकत सांगतो, तर वर्तमानकाळ नियम घोषित करतो. ह्याच चाचणीच्या संशोधकांनी रुग्णांची राशीनुसार विभागणी करून मिथुन व तूळ राशींच्या लोकांना ॲस्पिरिनचा लाभ झाला नाही, असे दाखविले होते. आकड्यांची हवी तशी फोड केली तर कोणतीही गोष्ट रचता येते, हे सांगण्यासाठी योजलेला तो उपरोध होता. शास्त्रीय लेखनात उपरोधाला स्थान नसते, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

मग ह्या लेखनप्रकाराने आप्तवाक्याची जागा पुराव्याला दिली, असे म्हणता येईल काय? माझ्या मते अंशतःच. वार्तापत्र वाचणारा हृद्रोगतज्ज्ञ बहुधा मूळ लेख वाचत नाही. तो सारकाराच्या शब्दावर विसंबतो. काय निवडावे हे ठरविणाराही एका अर्थी लेखकच असतो. शिवाय जे छापलेच गेले नाही, त्याचे सार कोण लिहिणार? लॉर्केनाइड ह्या त्याच जातीच्या औषधाची सुमारे शंभर रुग्णांवरील चाचणी १९८० मध्ये झाली होती. औषध घेणाऱ्यांत नऊ आणि इतरांत एक मृत्यू झाला. ती प्रसिद्ध झाली १९९३ मध्ये, म्हणजे ‘कास्ट’च्या नंतर. उत्तम वार्तापत्रालाही ह्या मौनाचे सार देता आले नसते.

तरीही एक मूलगामी बदल झाला, हे मान्य करावयास हवे. १९८४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने लेखकांचे आर्थिक हितसंबंध उघड करण्याचे धोरण आणले. पूर्वीचा आप्त निर्दोष असल्याचे मानले जाई; नव्या आप्ताला आपले दोष सांगावे लागतात, निकष जाहीर करावे लागतात आणि रुग्णसंख्या द्यावी लागते. त्याचे वचन प्रमाण ठरते ते खोडून काढण्याची साधने तो वाचकाच्या हाती देतो म्हणून. आपल्या समीक्षेत ‘श्रेष्ठ’, ‘अस्सल’, ‘युगप्रवर्तक’ ही विशेषणे आजही वक्त्याच्या अधिकारावरच चालतात. कलाकृतीची चाचणी घेता येत नाही, हे खरे आहे. परंतु निवड कशी केली, काय वगळले आणि आपले हितसंबंध कोणते, हे सांगण्यास समीक्षकाला कोणी अडविलेले नाही.