द्रोणात किती उडीद?

एक कप मैद्याचे वजन सुमारे 125 ग्रॅम भरते, तर त्याच कपात साखर सुमारे 200 ग्रॅम मावते. कोरड्या जिनसांचे माप आणि वजन यांची सांगड एकाच आकड्याने घालता येत नाही, कारण दाण्यांमधली पोकळी प्रत्येक पदार्थात निराळी असते. ही अडचण भारतीय शास्त्रकारांना फार पूर्वीच उमगली होती.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात धान्याची मापे येतात: चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. द्रोण हे आकारमानाचे माप. पण त्याची व्याख्या वजनाने केलेली आहे, आणि तीही नेमके धान्य सांगून. ज्यात 200 पले उडीद मावतात तो राजस्व गोळा करण्याचा द्रोण. मात्र व्यापाराचा द्रोण 187½ पलांचा, सेवकांना धान्य देण्याचा 175 पलांचा आणि अंतःपुराचा 162½ पलांचा. नाव एकच; पण घेताना मोठे माप आणि देताना लहान. सेवकाच्या पदरात करवसुलीच्या द्रोणापेक्षा साडेबारा टक्के कमी धान्य पडे. यात लबाडी नव्हती. ग्रंथात उघडपणे नोंदलेली ती राज्यव्यवस्था होती.

त्याच प्रकरणात मापावर उभ्या राहणाऱ्या ढिगाचाही हिशेब आहे. माप वाळलेल्या, कणखर लाकडाचे असावे आणि त्यावरची शिखा एक चतुर्थांश भरावी, किंवा तेवढी जागा मापाच्या आतच धरावी. द्रवांना अर्थातच शिखा नाही. मराठीत मापाच्या काठावरच्या या ढिगाला ‘शीग’ म्हणतात. शिगोशीग भरलेली पायली आणि काठाशी सपाट केलेली पायली यांतला फरक धान्य मोजून घेणाऱ्याला चांगलाच ठाऊक असे.

पुढे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. 1150) वजनाचा आधार सोडून भूमिती घेतली. एक घनहस्त म्हणजे मगधदेशाची एक खारी. तिचा सोळावा भाग द्रोण. खळ्यातली रास मोजण्याची त्यांची रीत तर फारच देखणी आहे. राशीचा परिघ मोजावा. जाड्या धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या, कुसळाच्या धान्याची नवव्या भागाइतकी धरावी. मग परिघाच्या षष्ठांशाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणावे. परिघ 60 हात असेल, तर जाड्या धान्याच्या 600 खारी होतात, कुसळाच्या 666⅔. आजच्या परिभाषेत हे उताराचे कोन आहेत, अनुक्रमे सुमारे 32, 30 आणि 35 अंश. कुसळे एकमेकांत अडकतात, म्हणून रास उभी राहते. अभियंते आज याच गुणधर्माला ‘अँगल ऑफ रिपोज’ म्हणतात आणि धान्याची कोठारे बांधताना तो विचारात घेतात. (सूत्रात पायचे मूल्य 3 धरले आहे, म्हणून उत्तर किंचित जास्त येते, खळ्यावर तेवढे चालत असावे.)

ब्रिटिश अमलात 1833 च्या नियमाने तोळा 180 ग्रेनचा ठरला. त्या हिशेबाने 80 तोळ्यांचा शेर सुमारे 933 ग्रॅमचा होतो. पण महाराष्ट्रात ‘शेर’ मापाचाही असे, चार शेरांची पायली. तमिळ प्रदेशात पडी, केरळात नाळी आणि परा. वजनाचा शेर आणि मापाचा शेर एकच समजणाऱ्या परक्या ग्राहकाची फसगत ठरलेलीच होती. स्वतंत्र भारताने 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. दुकानात धान्य किलोने मिळू लागले. स्वयंपाकघरात मात्र तांदूळ अजूनही वाटीनेच मोजला जातो.