नॉर्बर्ट वीनर आणि यंत्रबुद्धीचें सुकाणूं

कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा १९५६ सालच्या उन्हाळ्यापासून आरंभ करितात. त्या वर्षीं अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत जॉन मॅकार्थी प्रभृति तरुण पंडित जमले आणि या विद्येचें आजचें नांव रूढ झालें. ही गणना सोयीची असली तरी न्याय्य नाहीं. यंत्र विचार करूं लागल्यास मनुष्यसमाजाचें काय होईल, हा प्रश्न त्यापूर्वींच विचारला गेला होता. आणि तो विचारणाऱ्या मंडळींत गणितज्ञांबरोबर शरीरशास्त्रज्ञ, मानसरोगचिकित्सक व मानववंशशास्त्रज्ञही होते. त्या मंडळींतील अग्रणी नॉर्बर्ट वीनर यांच्याविषयीं येथें लिहिण्याचें योजिलें आहे.

वीनर यांचा जन्म १८९४ सालचा. वडील हार्वर्ड विद्यापीठांत स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक होते. मुलानें अठराव्या वर्षींच त्या विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी संपादन केली. १९१९ पासून ते मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत गणित शिकवीत. दुसऱ्या महायुद्धांत विमानवेधी तोफांचा प्रश्न त्यांच्यापुढें आला. शत्रूचें विमान जेथें दिसतें तेथें गोळा मारून उपयोग नसतो; गोळा पोंचेल त्या क्षणीं तें जेथें असेल तेथें मारावा लागतो. वीनर व ज्यूलियन बिगेलो नांवाचे अभियंते हें भाकिताचें गणित मांडीत असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, यंत्राला स्वतःची चूक पाहून स्वतःची गति सुधारतां आली पाहिजे. मात्र ही सुधारणा प्रमाणाबाहेर गेली तर यंत्र लक्ष्याच्या अलीकडे-पलीकडे हेलकावे खात राहतें. दुसरा एखादा गणितज्ञ समीकरणें दुरुस्त करून स्वस्थ बसला असता. वीनर यांनीं आपले स्नेही, मेक्सिकोचे शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूएथ यांस विचारलें : मनुष्यदेहांत असा कांहीं विकार आढळतो काय? रोझेनब्लूएथ यांस तो पूर्ण परिचयाचा होता. लहान मेंदूस इजा झालेला रोगी पेला उचलावयास हात पुढें करितो, तेव्हां पेला जवळ येतां येतां त्याचा हात अधिकाधिक कांपूं लागतो. तोफ आणि हात यांचा रोग एकच निघाला! १९४३ सालीं तिघांनीं मिळून एक छोटा निबंध प्रसिद्ध केला आणि ‘हेतु’ हा तत्त्वज्ञांच्या कोठींतील शब्द यंत्रशास्त्राच्या दारीं आणून उभा केला. निरनिराळ्या शास्त्रांच्या सहकार्याविषयीं आज पुष्कळ बोललें जातें. तें बहुतेक सोहळ्यापुरतें असतें. येथें वैद्यावांचून गणितज्ञाचें खरोखरच अडलें होतें.

मार्च १९४६ मध्यें न्यूयॉर्क येथें मेसी प्रतिष्ठानाच्या विद्यमानें या विचारांवर परिषद भरली. १९५३ पर्यंत अशा दहा परिषदा झाल्या. अध्यक्षस्थानीं वॉरेन मॅकलक असत. मज्जातंतूंच्या जाळ्याकडून तर्कशास्त्राचीं कामें कशीं होऊं शकतात, हें त्यांनीं वॉल्टर पिट्स या तरुणाच्या साहाय्यानें १९४३ मध्यें दाखविलें होतें. फॉन नॉयमन यांच्यासारखे गणिती आणि मार्गारेट मीड व ग्रेगरी बेट्सन यांच्यासारखे समाजशास्त्रांचे अभ्यासक तेथें एकत्र बसत. १९४८ सालीं वीनर यांनीं या नव्या विद्येवर ग्रंथ लिहिला आणि सुकाणूं धरणारा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिला ‘सायबर्नेटिक्स’ हें नांव दिलें. आपल्या ‘कर्णधार’ शब्दांतील कर्ण तो हाच!

परंतु सुकाणूं आहे म्हणून नौका सुरक्षित, असें वीनर मानीत नसत. हिरोशिमानंतर त्यांचें मन पालटलें. विमानांच्या एका कारखान्यांतील शास्त्रज्ञानें त्यांच्या युद्धकालीन संशोधनाची प्रत मागितली, तेव्हां त्यांनीं ती नाकारली आणि तें नकाराचें पत्र जानेवारी १९४७ च्या ‘अटलांटिक मंथली’ मासिकांत छापविलें. याहूनही महत्त्वाचें आम्हांस त्यांचें दुसरें पत्र वाटतें. १३ ऑगस्ट १९४९ रोजीं त्यांनीं मोटारकामगारांच्या संघाचे अध्यक्ष वॉल्टर रॉयटर यांस लिहिलें कीं, दहा-वीस वर्षांत मनुष्यावांचून चालणारे कारखाने येतील, कामगार बेकार होतील, तरी संघानें आतांच या प्रश्नांत लक्ष घालावें. परिषदांतील मेजाभोवतीं पंडितच होते. ज्याची भाकरी जाणार तो तेथें नव्हता. ही उणीव भरून काढण्यास एका गणितज्ञानें आपण होऊन लेखणी उचलावी, ही गोष्ट त्या काळीं विरळाच होती. रॉयटर यांनीं उत्तरही उत्सुकतेचें पाठविलें.

वीनर यांचा आपल्याशींही कांहीं संबंध होता. धर्मानंद कोसंबी हार्वर्ड येथें ‘विसुद्धिमग्ग’ संपादनाच्या कामीं गेले, त्या निमित्तानें त्यांचे चिरंजीव दामोदर यांचें शिक्षण तेथें झालें व १९२९ सालीं ते पदवीधर झाले. तेथेंच त्यांचा वीनर यांच्याशीं परिचय झाला. पुढें १९५५–५६ मध्यें वीनर कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत अध्यापक म्हणून येऊन राहिले होते.

१९६० सालीं ‘सायन्स’ पत्रांत त्यांनीं लिहिलेला लेख आज पुनः पुनः वाचला जातो. यंत्रांत आपण जो हेतु घालतों तोच आपल्याला खरोखर हवा आहे, याची खात्री असल्याखेरीज तें यंत्र चालू करूं नये, असें त्याचें तात्पर्य. त्यासाठीं त्यांनीं पाश्चात्य कथांतील जादूगाराच्या शिष्याचा दाखला दिला. आपण भस्मासुराचा दिला असता.

दुर्दैवानें ही मंडळी टिकली नाहीं. १९५२ च्या सुमारास वीनर यांनीं मॅकलक व पिट्स यांच्याशीं कायमचें वितुष्ट आणलें. त्यांचा स्वभावही तापटच. मॅकार्थी यांनीं तर पुढें स्वतःच सांगितलें कीं, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हें नांव आपण योजिलें त्याचें एक कारण सायबर्नेटिक्सचा व वीनर यांचा संसर्ग टाळावा हें होतें. नांवाबरोबर मेजही बदललें. वैद्य व मानववंशशास्त्रज्ञ मागें राहिले. १९६३ पासून वीनर यांच्याच विद्यालयांतील यंत्रबुद्धीच्या कामास संरक्षण खात्याचा पैसा मिळूं लागला. १८ मार्च १९६४ रोजीं स्टॉकहोम येथें वीनर निवर्तले.

रॉयटर यांस लिहिलेल्या पत्रांतील प्रश्न मात्र पुन्हां उभा राहिला, आणि या वेळीं तो पंडितांनीं उभा केला नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेंतील चित्रपट व दूरदर्शन लेखकांच्या संघानें १४८ दिवस संप केला आणि यंत्रबुद्धीचा उपयोग कोठवर करावा याविषयींचीं कलमें आपल्या करारांत घालून घेतलीं.